हायस्कूल गणिताचे साप्ताहिक नियोजन: टाचण बुधवारनंतरही उपयोगी पडावे यासाठी आपण काय करता?

मध्यगा

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेत नववीच्या दोन तुकड्यांना आणि दहावीच्या एका तुकडीला गणित शिकवते. हे माझे अकरावे वर्ष आहे. वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन जूनमध्येच लिहून होते आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण अभ्यासक्रम वेळेत कसा पुरा करायचा याचा अंदाज त्यांतून येतो. माझा प्रश्न त्यांच्या खालच्या पायरीचा आहे. सोमवार ते शनिवार या एका आठवड्याचे नियोजन कसे लिहावे, म्हणजे ते बुधवारी दुपारीच निरुपयोगी ठरणार नाही?

आधी परिस्थिती सांगते. दहावीला मला आठवड्यात सात तासिका मिळतात: भाग १ म्हणजे बीजगणितासाठी चार आणि भाग २ म्हणजे भूमितीसाठी तीन. तासिका पस्तीस मिनिटांची असली तरी हजेरी, आधीच्या तासाचा फळा पुसणे आणि वह्या निघणे यांत सहा-सात मिनिटे जातात. शनिवारी सकाळची शाळा असल्याने तो तास पंचवीस मिनिटांचाच असतो. वर्गात ६४ मुले आहेत. अनेक वर्षे मी रविवारी रात्री टाचणवही, म्हणजे प्रत्येक तासाला काय शिकवायचे ते लिहायची वही, घेऊन बसत असे आणि घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, अध्ययन अनुभव, मूल्यमापन, गृहपाठ या साऱ्या चौकटी सातही तासिकांसाठी भरत असे. सोमवारी त्यावर पर्यवेक्षकांची सही होई. मग एखादा तास कार्यक्रमात जाई, एखादा बदली तासामुळे (रजेवरच्या शिक्षकाचा तास घ्यावा लागल्याने) दमून गेल्यावर कसाबसा होई, आणि उरलेले सारे पुढे सरके.

पण तास बुडणे हे खरे कारण नाही, हे मला तीन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये कळले. दोन चलांतील रेषीय समीकरणे चालू होती. टाचणाप्रमाणे सोमवारी एका चलाचा लोप करण्याची रीत, मंगळवारी सराव, बुधवारी निश्चयक (चौकटीतील चार संख्यांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) आणि गुरुवारी निश्चयकांनी समीकरणे सोडवण्याची क्रेमरची पद्धत असा क्रम होता. मंगळवारी मी फळ्यावर ३क्ष + २य = १२ आणि ३क्ष − ५य = −९ ही समीकरणे दिली आणि बाकांमधून फिरले. निम्म्याहून अधिक वह्यांत वजाबाकीनंतर −३य = ३ असे लिहिलेले होते. ३क्ष मधून ३क्ष वजा झाले, पण खालच्या ओळीतील −५य आणि −९ यांची चिन्हे बदलायची राहिली. त्यामुळे य = −१ आणि क्ष = १४/३ असे उत्तर आले. उत्तर अपूर्णांकात आले म्हणजे कुठेतरी चुकले, एवढे मुलांना जाणवत होते, पण ती भागाकार पुन्हा तपासत होती. मिळालेल्या किमती दुसऱ्या समीकरणात घालून ताळा पाहणारा एकही विद्यार्थी मला दिसला नाही.

टाचणात बुधवारी निश्चयक होता, म्हणून मी बुधवारी निश्चयक शिकवला. हीच समीकरणे क्रेमरच्या पद्धतीने सोडवताना क्ष साठीच्या निश्चयकात −६० − (−१८) अशी वजाबाकी येते. जी मुले मंगळवारी चुकली होती, त्यांनी तिचे उत्तर −४२ ऐवजी −७८ काढले. एकच चूक दोन रीतींमध्ये पक्की झाली आणि ऑगस्टच्या घटक चाचणीत ती माझ्यासमोर उभी राहिली. नियोजन मी तंतोतंत पाळले होते, आणि नुकसान नेमके त्यामुळेच झाले होते.

तेव्हापासून मी आठवडा शनिवारकडून लिहिते. शनिवारी वर्गातील बहुतेक मुलांना कोणाच्याही मदतीशिवाय कोणती दोन उदाहरणे सुटली पाहिजेत, ती आधी लिहिते आणि मग मागे मागे येत सोमवारपर्यंत पोचते. सातपैकी एक तासिका, शक्यतो गुरुवारची किंवा शुक्रवारची, मी लिहीतच नाही. त्या तासाला काय करायचे हे बुधवारच्या वह्या पाहून ठरते. आणि प्रत्येक तासिकेच्या चौकटीत ‘उद्दिष्टे’ थोडक्यात आटोपून ‘येथे मुले कोठे चुकतील’ असे दोन ओळींत लिहिते.

ही पद्धत मला लागू पडली, पण तिच्यात अडचणी आहेत. कोऱ्या तासिकेवर पर्यवेक्षकांची सही कशी घ्यावी, आणि भूमितीच्या तीन तासिकांत ती बसवावी कशी? आपण सगळे हे कसे करता, ते सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

जुना_फळा

मॅडम, मी तेहेतीस वर्षे शिकवून आता निवृत्त झालो आहे. ‘कोठे चुकतील’ हे लिहिण्याचे शहाणपण मला बरेच उशिरा आले, त्यामुळे आपले टिपण वाचून फार आनंद झाला. भूमितीबद्दल माझे मत सांगतो.

आठवडा हे माप शाळेच्या सोयीचे आहे, विषयाच्या सोयीचे नाही. बीजगणितात ते बऱ्यापैकी चालते, कारण तिथे रीत शिकवून झाली की सराव कुठेही तोडता येतो. भूमितीत एका प्रमेयाच्या पोटात दुसरे असते. दहावीच्या भाग २ मधील पहिलेच प्रकरण, समरूपता, घ्या. त्याची सुरुवात दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने होते. अनेक शिक्षक तो भाग सूत्र लिहून एका तासात संपवतात, कारण त्यावरची उदाहरणे सोपी दिसतात. पण लगेच पुढे येणारे प्रमाणाचे मूलभूत प्रमेय सगळे त्याच भागावर उभे आहे. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे त्यांच्या पायांच्या प्रमाणात असतात, हे ज्याला चित्रात दिसत नाही, त्याला त्या प्रमेयाची सिद्धता पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते.

हे ‘दिसणे’ म्हणजे काय, ते सांगतो. त्रिकोण अबक मध्ये बाजू बक ला समांतर असलेली रेषा अब ला प मध्ये आणि अक ला फ मध्ये छेदते. आता त्रिकोण अपफ आणि त्रिकोण पबफ यांची उंची समान आहे, असे आपण म्हणतो. मुले आकृतीकडे पाहतात आणि त्यांना ती उंची कुठेच दिसत नाही, कारण त्यांच्या मनात त्रिकोणाचा पाया नेहमी खाली, आडवा असतो आणि उंची वरून सरळ खाली येते. इथे पाया तिरक्या अब रेषेवर आहे आणि उंची फ पासून त्या तिरक्या रेषेवर टाकायची आहे. मी मुलांना वही फिरवायला सांगत असे. अब आडवी येईपर्यंत वही फिरवली, की फ हा बिंदू वर येतो आणि लंब कुठे पडायचा ते क्षणात कळते. साठ वह्या एकाच वेळी फिरताना पाहणे हा माझ्या नोकरीतला एक मोठा आनंद होता. एवढ्या गोष्टीसाठी एक पूर्ण तासिका टाचणात राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यातून नियोजनाचा एक नियम मी स्वतःला घालून दिला होता: सिद्धता शनिवारी सुरू करायची नाही, आणि ज्या सिद्धतेला तासाच्या शेवटी दहाच मिनिटे मिळणार आहेत ती त्या दिवशी हातीच घ्यायची नाही. अर्धी सिद्धता रविवार ओलांडून सोमवारी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावी लागते. त्यापेक्षा शनिवारच्या छोट्या तासात क्षेत्रफळांची उदाहरणे घ्यावीत, सोमवारी आकृती आणि उंची पाहावी आणि मंगळवारी सिद्धता लिहावी. आपल्या तीन तासिका ओळीने तीन दिवशी असतील, तर वेळापत्रक करणाऱ्यांना विनंती करून त्या एकाआड एक दिवस मागून घ्या. ही मागणी जूनच्या पहिल्या आठवड्यात केली तरच मान्य होते.

सहगुणक

मी गणिताचा शिक्षक आहे आणि गेली सहा वर्षे पर्यवेक्षक म्हणून टाचणांवर सह्याही करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही थोडे लिहितो.

कोरी चौकट माझ्यासमोर आली तर मी विचारणा करीन, आणि ते माझे काम आहे असे मी मानतो. पण ती तासिका कोरी सोडण्याची गरजच नाही. ‘निदान व उपचारात्मक अध्यापन’ असे लिहावे, आणि खाली ‘मंगळवार व बुधवारच्या वह्यांतील चुकांनुसार’ एवढी एक ओळ लिहावी. शनिवारी सायंकाळी त्याच चौकटीत प्रत्यक्षात काय घेतले ते वेगळ्या शाईने नोंदवावे. असे टाचण माझ्याकडे आले, तर तपासणीच्या वेळी मी ते स्वतः पुढे ठेवीन, कारण शिक्षकाने वर्गाकडे पाहून निर्णय घेतल्याचा तो लेखी पुरावा असतो.

टाचण म्हणजे केवळ सहीसाठीचा कागद आहे, असे बोलण्याची आपल्याकडे सवय झाली आहे. तिच्याशी मी सहमत नाही. आपण रजेवर असताना दुसरा शिक्षक बदली तासावर जातो, तेव्हा त्याच्या हातात फक्त आपली वही असते. ‘सरावसंच सोडवून घेणे’ एवढेच लिहिले असेल, तर तो मुलांना शांत बसायला सांगून तास काढतो. त्याऐवजी ‘पहिली तीन उदाहरणे मुलांनी स्वतः सोडवावीत, प्रत्येकाचा ताळा वहीत लिहून घ्यावा’ असे लिहिलेले असेल, तर भाषेचा शिक्षकही तो तास चांगला घेतो. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

आणखी एक मुद्दा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत. तो कायदा आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी असला तरी त्यामागचे तत्त्व नववी-दहावीलाही लागू व्हावे, असे मला वाटते. पूर्वतयारी हे कामाचा भाग असलेले काम आहे, रविवारच्या रात्री करायची घरगुती गोष्ट नव्हे. म्हणून माझ्या शाळेत गणिताच्या तिन्ही शिक्षकांना शुक्रवारी शेवटून दुसरी तासिका एकत्र मोकळी मिळेल असे वेळापत्रक मी करतो. तिघे बसतात, आठवड्याच्या चुका एकमेकांना सांगतात आणि पुढील आठवड्याची शनिवारची उदाहरणे ठरवतात. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एकच पाठ आखतात आणि त्यात मुलांची संभाव्य उत्तरे आधीच लिहून ठेवतात. त्या पद्धतीइतके सखोल आम्हाला जमत नाही, पण तिघांनी मिळून अर्धा तास दिला तरी टाचणात फरक पडतो.

मध्यगा

सहगुणक सर, ‘वेगळ्या शाईने नोंद’ ही सूचना मी या आठवड्यापासूनच अमलात आणते. जुना_फळा सर, वही फिरवण्याचे वाचल्यावर मी माझे गेल्या वर्षीचे समरूपतेचे टाचण काढून पाहिले. क्षेत्रफळांच्या गुणोत्तराला मी एकच तासिका दिली होती आणि ‘कोठे चुकतील’ या जागी ‘विशेष अडचण नाही’ असे माझ्याच हाताने लिहिले होते. ते वाचून मला फार वाईट वाटले. यंदा दोन तासिका ठेवल्या आहेत.

कातळसडा

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका छोट्या शाळेत आहे. आठवी, नववी आणि दहावीचे गणित मी एकटाच शिकवतो आणि आठवीचे विज्ञानही माझ्याकडेच आहे. वर्गात अठरा ते बावीस मुले असतात, त्यामुळे वह्या तपासण्याचा भार कमी आहे. पण रोज सहा तासिका आणि तीन इयत्तांची तयारी यांत प्रत्येकासाठी स्वतंत्र साप्ताहिक नियोजन नीट करणे मला जमत नसे. जुलैत अतिवृष्टीच्या सुट्ट्याही धराव्या लागतात. ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वाडीतील मुले दोन-दोन दिवस येऊ शकत नाहीत.

माझा मार्ग असा आहे. नववी आणि दहावीच्या पुस्तकांत पुष्कळ प्रकरणे एकाच विषयाच्या दोन पायऱ्या आहेत. दोन चलांतील रेषीय समीकरणे, अर्थनियोजन, सांख्यिकी, वर्तुळ, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती ही नावे दोन्ही इयत्तांत आहेत. नववीच्या त्रिकोण या प्रकरणाच्या शेवटी समरूप त्रिकोणांची ओळखही आहे. जिथे घटक चाचणीचा अभ्यासक्रम आड येत नाही, तिथे मी ही प्रकरणे दोन्ही वर्गांत एकाच आठवड्यात लावतो. नववीला त्रिकोणमितीय गुणोत्तरे चालू असतात, त्याच आठवड्यात दहावीला नित्य समानता आणि उंची-अंतराची उदाहरणे असतात. त्यामुळे तयारी एकदाच होते. त्याहून मोठा लाभ असा, की दहावीतील मूल कोणत्या जुन्या जागी अडखळते हे मला सकाळी कळते आणि दुपारी नववीला शिकवताना ती जागा मी पक्की करून घेऊ शकतो.

यासाठी नववीच्या पुस्तकातील क्रम थोडा बदलावा लागतो. वर्तुळासारखी काही प्रकरणे मात्र मी जुळवत नाही. दहावीचे वर्तुळ इतके मोठे आहे, की ते नववीच्या जोडीने चालवण्याच्या प्रयत्नात दोन्हीकडे घाई होते.

लघुकोन

मी सेमी इंग्रजीच्या तुकडीला शिकवते आणि माझ्या साप्ताहिक नियोजनात भाषेसाठी वेगळी जागा ठेवावी लागते. एक उदाहरण देते. ‘क्ष पेक्षा ५ ने कमी’ असे मराठीत म्हटले, की मूल ऐकलेल्या क्रमानेच क्ष − ५ लिहिते आणि ते बरोबर असते. तेच इंग्रजी पुस्तकात ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ असे येते. तिथे ५ आधी वाचला जातो, आणि मूल ५ − क्ष लिहिते. चूक गणिताची नसते, शब्दांच्या क्रमाची असते. पण गुण गणिताचे जातात.

म्हणून रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे यांच्या आठवड्यांत मी एक तासिका केवळ शाब्दिक उदाहरणे वाचण्यासाठी ठेवते. त्या तासाला उदाहरण सोडवायचे नाही, असे मी सुरुवातीलाच सांगते. वाक्य वाचायचे, मराठीत आपल्या शब्दांत सांगायचे, चल कशाला मानले ते लिहायचे, समीकरण मांडायचे आणि थांबायचे. एका तासात सहा-सात उदाहरणे होतात. सोडवायला लागलो तर जेमतेम दोन झाली असती. पहिल्या वर्षी मुलांना हे अपुरे वाटले आणि एका पालकांनी ‘उदाहरणे अर्धवट का सोडता’ असे विचारलेही. आता मी त्या तासाची मांडलेली समीकरणेच गृहपाठाला देते, त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

अर्थनियोजनाच्या आठवड्याबद्दलही सांगायचे आहे. जीएसटी शिकवताना मुलांनी घरून खरी बिले आणावीत असे मी म्हणते. त्याची सूचना मात्र आदल्या आठवड्याच्या टाचणात लिहून ठेवावी लागते, नाहीतर सोमवारी वर्गात तीनच बिले येतात. दहावीचे पुस्तक २०१८ चे आहे आणि त्यात ५, १२, १८ आणि २८ टक्के हे दर आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्के या दोन दरांत आल्या. त्यामुळे बिलावर एक आणि पुस्तकात दुसरे, असे मुलांना दिसणारच. मी ते आधीच सांगते: दर बदलतात, रीत बदलत नाही, केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा कसा होतो हे दोन्हीकडे सारखेच आहे, आणि परीक्षेत प्रश्नात दिलेला दर घ्यायचा. एवढ्या स्पष्टीकरणाला दहा मिनिटे लागतात आणि ती नियोजनात धरलेली बरी.

वैनगंगा

मी भंडारा जिल्ह्यात शिकवतो. वरील सर्व मते आदराने वाचली, परंतु आठवड्यातील एक संपूर्ण तासिका मोकळी ठेवणे मला शक्य वाटत नाही. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरच्या आठवड्यात सुरू होतात, पण दहावीची परीक्षा मात्र सर्वांची एकाच दिवशी असते. पूर्वी ती मार्चमध्ये सुरू होई. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे दोन्ही टोकांकडून आमचे दिवस गेले. पूर्वपरीक्षा जानेवारीत घ्यायची, तर दोन्ही भागांची मिळून तेरा प्रकरणे डिसेंबरअखेर संपवावी लागतात. दिवाळीची सुट्टी आणि सत्र परीक्षा वजा करून हाती उरलेले आठवडे मोजले, की प्रत्येक तासिका जपून वापरावी लागते.

मी त्याऐवजी प्रत्येक तासाची पहिली सहा मिनिटे ठेवतो. वर्गात शिरण्याआधीच एक विद्यार्थी फळ्यावर कालच्या भागावरील एक उदाहरण लिहून ठेवतो, मी हजेरी घेईपर्यंत सगळे ते सोडवतात, आणि उत्तर दोन मिनिटांत पाहून आम्ही पुढे जातो. चुका साठूच देत नाही.

मध्यगा

वैनगंगा सर, तुमची अडचण मला पूर्ण मान्य आहे. तरीही एक हिशोब मांडते. रोजची सहा मिनिटे म्हणजे सात तासिकांत बेचाळीस मिनिटे होतात, आणि ती माझ्या एका तासिकेहून जास्त आहेत. म्हणजे वेळ आपण दोघेही देतो; प्रश्न तो कशासाठी वापरायचा एवढाच आहे. विसरलेले सूत्र आठवून देण्यासाठी, कालची रीत हातात राहण्यासाठी तुमची सहा मिनिटे माझ्या पद्धतीपेक्षा सरस आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण वजा चिन्हासारखी चूक सहा मिनिटांत निघत नाही. त्या वेळी फळ्यावर बरोबर उत्तर येते, मूल ते खोडून लिहून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करते.

वजा चिन्हाच्या चुकीसाठी मी अशा एका मोकळ्या ठेवलेल्या तासाला काय केले ते सांगते. चार वह्यांतील चुकलेली उत्तरे, नावे न सांगता, फळ्यावर लिहिली आणि ‘यांतील पहिली चुकीची ओळ कोणती’ एवढेच विचारले. उत्तर काढायचे नाही, ओळ शोधायची. पंधरा मिनिटे वर्गात नुसती चर्चा चालू होती. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, उठून म्हणाला, ‘बाई, खालचं समीकरण आख्खं कंसात घालून मग वजा करायला पाहिजे.’ त्या दिवसापासून आमच्या वर्गात खालचे समीकरण कंसात लिहूनच वजाबाकी होते. इतके मला स्वतःला सुचले नव्हते.

तुमच्याकडे आठवडे कमी आहेत, म्हणून दर आठवड्याऐवजी प्रत्येक प्रकरणाला अशी एकच तासिका ठेवून पाहता येईल का? तेरा प्रकरणांना तेरा तासिका होतील.

वह्यांबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले होते, त्याचेही उत्तर इथेच देते. ६४ वह्या रोज तपासणे अशक्य आहे आणि तसा प्रयत्न मी सोडून दिला आहे. रोज हजेरीच्या क्रमाने सोळा वह्या घेते, चार दिवसांत वर्ग पुरा होतो. त्यांत सगळे न तपासता आदल्या दिवशीचे एकच उदाहरण पाहते आणि चूक आढळली तर माझ्या चुकांच्या वहीत ती ओळ जशीच्या तशी उतरवते. अर्धी मधली सुट्टी त्यात जाते. पुढच्या वर्षी ते प्रकरण आले, की टाचण लिहिण्याआधी मी ती वही उघडते. तीन वर्षांच्या नोंदी साठल्या आहेत आणि आता ‘कोठे चुकतील’ ही चौकट मी अंदाजाने भरत नाही.

वैनगंगा

प्रकरणाला एक तासिका, हे जमेल असे वाटते. तेराऐवजी दहा प्रकरणांना तरी ठेवीन. पहिली चुकीची ओळ शोधण्याचा उपक्रम आमच्या सहा मिनिटांतही आठवड्यातून एकदा बसवता येईल. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत कृती पूर्ण करण्याचे, म्हणजे सोडवलेल्या उदाहरणातील रिकाम्या चौकटी भरण्याचे, प्रश्न असतात. प्रत्येक भागाच्या चाळीसपैकी सात गुण त्यांना आहेत. दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण ओळीने वाचण्याची सवय तिथेही उपयोगी पडेल.

जुना_फळा

शनिवारच्या पंचवीस मिनिटांच्या तासाचा उल्लेख वर आला, म्हणून थोडे लिहितो. दहावीला तो तास आपण म्हणता तसा स्वतंत्र सोडवण्यासाठीच ठेवावा. आठवी-नववीला मात्र महिन्यातला एक शनिवार मी गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना देत असे. ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, हे मुलांना आवर्जून सांगावे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा आणि तेच पुन्हा करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि पुढे ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते. ज्याची पोचत नाही त्याची वजाबाकी चुकलेली असते, आणि ती चूक तो स्वतःच शोधतो. हातच्याच्या वजाबाकीचा इतका सराव मुलांनी आनंदाने केलेला मी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पाहिला नाही. टाचणात याला वेगळे नाव देऊ नये. ‘वजाबाकीचा दृढीकरण सराव’ असे लिहावे, ते खरेच आहे.

मध्यगा

सर्वांचे मनापासून आभार. पुढचा आठवडा वर्गसमीकरणांचा आहे. त्याचे बीजगणिताच्या चार तासिकांचे टाचण खाली देते. त्यात काही राहिले असेल तर कृपया सांगावे.

शनिवारची दोन उदाहरणे: ६क्ष² − क्ष − २ = ० हे अवयव पाडून सोडवणे, आणि (क्ष − ३)(क्ष − ४) = २ हे सोडवणे. सोमवारी वर्गसमीकरणाचे सामान्य रूप आणि मूळ म्हणजे काय, यासाठी किंमत घालून ताळा पाहण्याची सवय. मंगळवारी अवयव पाडणे. गुरुवारी निदान व उपचार. शनिवारी मुलांनी स्वतः सोडवणे. बुधवारी आणि शुक्रवारी भूमिती आहे.

कोठे चुकतील: पहिली जागा क्ष² = ५क्ष या उदाहरणाची. मुले दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहितात आणि शून्य हे मूळ हरवते. दुसरी जागा शनिवारच्या दुसऱ्या उदाहरणाची. उजवीकडे शून्य नसतानाही मुले क्ष − ३ = २ किंवा क्ष − ४ = २ असे लिहून ५ आणि ६ ही मुळे देतात. खरी मुळे ५ आणि २ आहेत. या चुकीत अडचण अशी, की ५ योगायोगाने बरोबर येते आणि तेवढाच ताळा पाहणाऱ्या मुलाला आपली रीतही बरोबर वाटते.

जुना_फळा

मॅडम, ते दुसरे उदाहरण शनिवारसाठी राखून ठेवू नका, मंगळवारच्या तासाच्या शेवटी द्या. ती चूक शनिवारी प्रथम समोर आली, तर तिच्यासाठी तुमची गुरुवारची तासिका हाताशी नसेल आणि मध्ये रविवार जाईल. शनिवारी त्याच धाटणीचे (क्ष − १)(क्ष − ६) = ६ द्या. त्याची मुळे ० आणि ७ येतात, म्हणजे शून्य हे मूळ हरवणारी मुलेही त्याच उदाहरणात सापडतील.

मध्यगा

हे माझ्या लक्षात आले नव्हते. टाचणात दोन्ही बदल केले आहेत आणि सोमवारच्या सहीसाठी वही तशीच देते.